मराठा दरबारातले कारभारी आणि त्यांची चढाओढ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिवछत्रपतींच्या अष्टप्रधानांपासून दुसऱ्या बाजीरावाच्या गादीपर्यंतच्या काळाबद्दल वाचकांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. सोपे प्रश्न आधी घेतले आहेत आणि गुंतागुंतीचे नंतर. एकाच गोष्टीचा दोनदा उल्लेख टाळण्यासाठी जिथे गरज आहे तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. प्रधान, कारभारी, मुतालिक, फडणीस, चिटणीस. हे सगळे एकच का?

नाही. प्रधान म्हणजे छत्रपतींनी वस्त्रे देऊन नेमलेला अष्टप्रधानांपैकी एक; त्यांतला मुख्य प्रधान तो पेशवा. मुतालिक हा प्रधानाचा प्रतिहस्तक. प्रधान मोहिमेवर गेला की साताऱ्याला त्याच्या वतीने बसणारा, त्याचा शिक्का सांभाळणारा माणूस तो. कारभारी हा शब्द सैल आहे: पेशव्याचा, सरदाराचा किंवा संस्थानिकाचा कारभार ज्याच्या हाती असेल तो कारभारी. फडणीस हिशेब आणि जमाखर्च तपासतो, तर चिटणीस पत्रव्यवहार सांभाळतो. हा भेद पक्का लक्षात ठेवा, कारण पुढची बहुतेक भांडणे हिशेब कोण तपासणार आणि पत्र कोण लिहिणार याच दोन गोष्टींवरून झाली.

२. शिवाजी महाराजांच्या वेळी प्रधानांत चढाओढ नव्हती, ती पेशवाईत आली, हे खरे का?

खरे नाही. ६ जून १६७४ च्या राज्याभिषेकाला मोरोपंत पिंगळे मुख्य प्रधान, अण्णाजी दत्तो सचिव आणि हंबीरराव मोहिते सेनापती होते. महाराज हयात असेपर्यंत शेवटचा शब्द त्यांचा होता, म्हणून मतभेद मर्यादेत राहिले. ३ एप्रिल १६८० ला महाराज गेले आणि तीन आठवड्यांच्या आत, २१ एप्रिलला, रायगडावर राजारामांचे मंचकारोहण झाले. त्यामागे अण्णाजी दत्तो होते आणि मोरोपंतही त्यात सामील झाले. दोघे पन्हाळ्याकडे संभाजीराजांना कैद करायला निघाले. पण हंबीरराव हे राजारामांच्या आई सोयराबाई यांचे सख्खे भाऊ असूनही संभाजीराजांच्या बाजूने उभे राहिले आणि वाटेतच दोन्ही प्रधान कैद झाले. नात्यापेक्षा फौज कुणाकडे आहे हे इथे निर्णायक ठरले.

संभाजीराजांनी त्यांना एकदा सोडले, पुन्हा कामही दिले. १६८१ मध्ये दुसऱ्यांदा कट उघड झाल्यावर मात्र अण्णाजी दत्तोंना देहदंड झाला. त्याच फेऱ्यात चिटणीस बाळाजी आवजीही मारले गेले. तरी बाळाजींचा मुलगा खंडो बल्लाळ पुढे छत्रपतींच्या गादीशी एकनिष्ठ राहिला. म्हणून एका माणसाच्या अपराधावरून त्याच्या घराण्याबद्दल मत बनवू नये.

३. एवढी स्पर्धा कशासाठी? प्रधानाला पगार तर ठरलेला असणार ना?

खरे बळ पगारात नव्हते, वाटणीत होते. १७१९ मध्ये दिल्लीहून दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा मिळाल्या आणि त्या वसुलाची वाटणी ठरली. सरदेशमुखी म्हणजे वसुलाचा दहावा हिस्सा, तो छत्रपतींचा वतनी हक्क होता. चौथाई म्हणजे वसुलाचा चौथा हिस्सा. तिच्या शंभर रुपयांची फोड अशी होती:

- २५ रुपये राजबाबती, म्हणजे छत्रपतींचा वाटा. तोही प्रत्यक्ष वसूल करायचे काम प्रतिनिधी (अष्टप्रधानांहून वरचा, छत्रपतींच्या वतीने काम पाहणारा अधिकारी), पेशवे आणि सचिव यांच्यात प्रांतवार विभागलेले.
- ६ रुपये सहोत्रा, पंतसचिवांकडे.
- ३ रुपये नाडगौडा, छत्रपती मर्जीने ज्याला देतील त्याला.
- ६६ रुपये मोकासा, फौज ठेवणाऱ्या सरदारांना.

आता या आकड्यांकडे दरबारी माणसाच्या नजरेने पाहा. कोणत्या प्रांताचा मोकासा कुणाला द्यायचा हे ज्याच्या सल्ल्याने ठरते, त्याच्या दारात सरदार उभे राहतात. नवा मुलूख ज्याच्या मोहिमेत येतो, त्याच्या माणसांना मोकासे मिळतात आणि पुढच्या मोहिमेला त्याच्याचकडे जास्त फौज जमते. पहिल्या बाजीराव पेशव्यांचे वजन दहा-बारा वर्षांत बाकीच्या सातही प्रधानांपेक्षा जड झाले ते असे. शौर्य होतेच, पण शौर्याला वसुलाची जोड होती.

याशिवाय खालच्या पातळीवर दोन शब्द हिशेबांत नेहमी भेटतात: ‘दरबारखर्च’ आणि ‘अंतस्थ’. मामलत (परगण्याच्या वसुलाचे काम) मिळवताना किंवा टिकवताना कारभाऱ्यांना पोचवलेली रक्कम त्यांत येते. दरबारखर्च वहीत उघड नोंदवला जाई, अंतस्थ हा नावाप्रमाणे आतला व्यवहार. कारभारी बदलला की हा प्रवाह दुसऱ्या दारी वळे. मामलेदारापासून कारकुनापर्यंत सगळे जीव मुठीत धरून दरबारातल्या बातम्या का ऐकत, ते यावरून कळते.

४. जुन्या कागदावरून त्या वेळी कुणाचे वजन होते हे ओळखता येते का?

येते, आणि नुसता मजकूर वाचण्यापेक्षा ते जास्त खात्रीचे असते. आम्ही कागद हाती आला की या क्रमाने पाहतो.

पहिला मायना. ‘अखंडित लक्ष्मी अलंकृत राजमान्य राजश्री’ हा प्रतिष्ठित सरदाराचा मायना. ‘स्नेहांकित’ म्हणवणारा स्वतःला बरोबरीचा मानतो, ‘विज्ञापना’ लिहिणारा स्वतःला धाकटा मानतो. एकाच दोन माणसांची चार-पाच वर्षांतली पत्रे शेजारी ठेवा. मायना कधी बदलला ते सापडले की नाते कधी बदलले तेही सापडते.

दुसरा शिक्का. पेशव्यांच्या मुद्रेतच त्यांची जागा लिहिलेली असे: ‘श्री राजा शाहू नरपति हर्षनिधान, बाजीराव बल्लाळ मुख्य प्रधान’. आधी छत्रपती, मग प्रधान. मजकूर जिथे संपतो तिथे मोर्तब उमटवत, म्हणजे खाली कुणाला ओळ घुसडता येऊ नये. मोर्तब ज्याच्या ताब्यात, त्याच्या संमतीशिवाय पत्र बाहेर पडत नाही. म्हणूनच राजकारण फिरले की शिक्के आणि दप्तर ताब्यात घेण्याची घाई दिसते.

तिसरी तारीख. ‘छ’ म्हणजे चंद्र. त्यापुढे हिजरी महिन्यातला दिवस येतो. वर्ष सुहूर सनाचे, अरबी शब्दांत. ‘सीत सबैन मया व अलफ’ म्हणजे ६ + ७० + १०० + १०००, एकूण ११७६. हे वर्ष मृगाला सुरू होते. मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ मिळवा, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. म्हणजे हा सन १७७५-७६. इथे हमखास होणारी चूक म्हणजे सरसकट ५९९ मिळवणे. मग फेब्रुवारीतले पत्र एक वर्ष मागे जाते आणि कारण परिणामाच्या नंतर येऊन बसते. चंद्रदर्शनामुळे एखाद्या दिवसाचा फरक राहू शकतो, तो धरून चाला.

चौथी पैवस्तगी, म्हणजे पत्र पोचल्याची नोंद. लिहिल्याची आणि पोचल्याची तारीख यांतले अंतर पाहिल्याशिवाय ‘त्याला माहीत असूनही त्याने काही केले नाही’ असा आरोप कुणावर करू नका. पुष्कळदा ते पत्र अजून जासुदाच्या थैलीत असे.

५. बाळाजी विश्वनाथ आणि सेनापती चंद्रसेन जाधव एका हरणावरून भांडले, हे पटत नाही. खरे कारण काय?

हरणाची गोष्ट १७११ ची. शिकारीत पळालेल्या हरणावरून माणसांत बाचाबाची झाली असे परंपरा सांगते. कारण मात्र जुने होते. बाळाजी आधी चंद्रसेनांचे वडील धनाजी जाधव यांच्या हाताखाली वसुलाचे काम पाहत. धनाजींच्या पश्चात त्याच बाळाजींना शाहू महाराजांनी चंद्रसेनांबरोबर दिले. आपल्या वडिलांचा कारकून आता आपल्यावर देखरेख ठेवणार, हे सेनापतीला सहन झाले नाही. बाळाजी पळत पांडवगडावर गेले. चंद्रसेनांनी ‘बाळाजीला माझ्या हवाली करा’ असा आग्रह धरला, तेव्हा महाराजांनी हैबतराव निंबाळकरांना त्यांच्यावर पाठवले. हरल्यावर चंद्रसेन आधी ताराबाईंकडे आणि मग निजामाकडे गेले. १७१३ मध्ये बाळाजी पेशवे झाले.

६. बाजीराव आणि श्रीपतराव प्रतिनिधी यांचा वाद म्हणजे शूर विरुद्ध भित्रा असाच होता का?

अशी मांडणी प्रतिनिधींवर अन्याय करणारी आहे. बाजीरावांना १७ एप्रिल १७२० ला पेशवाईची वस्त्रे मिळाली तेव्हा ते एकोणीस वर्षांचे होते. श्रीपतरावांचे म्हणणे असे की आधी दक्षिण आणि कर्नाटक नीट बसवा, तिजोरी भरा, निजामाशी सलोखा ठेवा, मग उत्तरेचे पाहू. बाजीरावांचे म्हणणे, बादशाही खिळखिळी झाली आहे, आत्ताच उत्तरेत घाव घाला. राज्यावर कर्ज असताना यातले पहिले मत कुठल्याही विचारी माणसाला पटण्याजोगे होते. निजामाच्या हेतूबद्दल मात्र प्रतिनिधींचा अंदाज साफ चुकला. निजामाने कोल्हापूरकरांचा, म्हणजे मराठा गादीच्या दुसऱ्या शाखेचा, दावा पुढे करून शाहू महाराजांचा वसूलच अडवला. २८ फेब्रुवारी १७२८ ला पालखेडला त्याची कोंडी झाली आणि मुंगी-शेवगावच्या तहानंतर दरबारात बाजीरावांचे पारडे जड झाले.

स्पर्धेने प्रत्यक्ष नुकसान कसे होते हे जंजिऱ्याच्या १७३३ च्या मोहिमेत दिसते. सिद्दीच्या घरात वारसाचा तंटा पेटला होता, संधी दुर्मीळ होती. जमिनीवर बाजीराव, समुद्रावर सेखोजी आंग्रे, आणि मदतीला प्रतिनिधी अशी योजना. रायगडच्या किल्लेकऱ्यांशी पेशव्यांची बोलणी चालू असतानाच प्रतिनिधींच्या माणसांनी परस्पर संधान बांधून जूनमध्ये गड घेतला. १६८९ पासून परक्या हातात असलेली राजधानी परत आली, साताऱ्याला आनंद झाला. पण छावणीत एकाचा डाव दुसऱ्याला कळेनासा झाला, पावसाने आरमार अडकले, ऑगस्टअखेर सेखोजी वारले. डिसेंबरमध्ये बाजीरावांना तह करून उठावे लागले. जंजिरा राहिला तो राहिलाच.

शाहू महाराज स्वतः मोहिमांवर फारसे जात नसत, म्हणून त्यांना दुबळे म्हणण्याची पद्धत आहे. आमचे मत उलट आहे. दोन्ही बाजू ऐकायच्या, एकाला मोहीम द्यायची, दुसऱ्याचा मान राखायचा, आणि १ एप्रिल १७३१ ला डभोईला त्रिंबकराव दाभाडे पेशव्यांशी लढताना पडले तेव्हा त्यांच्या आईचे सांत्वन करून घराण्याचे सेनापतिपद चालू ठेवायचे, हे काम तलवारीपेक्षा अवघड आहे. चाळीस वर्षे त्यांनी ते केले.

७. शाहू महाराजांनी नानासाहेब पेशव्यांना पदावरून काढले होते का?

होय, १७४७ मध्ये काही काळ. थोड्याच दिवसांत पद परत दिले. त्या वर्षीपर्यंत तरी पेशवाई छत्रपतींच्या मर्जीवर होती, एवढे यावरून नक्की ठरते. १५ डिसेंबर १७४९ ला महाराज गेल्यावर हे बदलले.

८. सदाशिवरावभाऊंनी महादोबा पुरंदऱ्यांना हुसकावून दिवाणगिरी घेतली का?

हुसकावून नाही. दिवाणगिरीचा हक्क आपला आहे असे भाऊंना वाटत होते आणि रामचंद्रबाबा शेणवी त्यांच्या पाठीशी होते. पेशव्यांनी मागणी मानली नाही, तेव्हा कोल्हापूरकरांची पेशवाई स्वीकारण्याची भाऊंनी तयारी केली. घर फुटणार हे पाहून महादोबांनी आपण होऊन जागा सोडली. या काळात स्वतःहून मागे सरणारा माणूस क्वचित भेटतो, म्हणून महादोबांचे नाव आवर्जून घ्यावे.

९. थोरल्या माधवरावांनी कारभाऱ्यांना कसे आवरले?

आधी त्यांना जबर ठोकर बसली. १७६१ मध्ये वस्त्रे मिळाली तेव्हा ते सोळा वर्षांचे. कारभार चुलते राघोबादादा आणि सखारामबापू बोकील यांच्या हाती होता. चुलत्या-पुतण्यांत युद्ध होऊन नोव्हेंबर १७६२ मध्ये आळेगावला माधवराव आपण होऊन चुलत्याच्या स्वाधीन झाले. मग दादांनी जुने हिशेब चुकते केले: गोपाळराव पटवर्धनांचे मिरज घेतले, भवानराव प्रतिनिधींचे पद काढून आपल्याच तान्ह्या मुलाच्या नावाने केले आणि मुतालिकी नारो शंकरांना दिली. दुखावलेली माणसे निजामाला मिळाली आणि १७६३ मध्ये निजामाच्या फौजेने पुणे लुटले, जाळले. पदांची एक फिरवाफिरव इतकी महाग पडली.

१० ऑगस्ट १७६३ ला राक्षसभुवनला निजामाचा पराभव झाला, त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर तिथेच पडला. त्यानंतर माधवरावांनी मिरज पटवर्धनांना आणि प्रतिनिधीपद भवानरावांना परत दिले. बापूंना तोडून न टाकता कामात ठेवले, पण निर्णय स्वतःच्या हाती घेतले. दादांचा प्रश्न १७६८ मध्ये धोडपच्या लढाईनंतर मिटला: दादा शनिवारवाड्यात नजरकैदेत राहिले.

१०. साडेतीन शहाणे कोण? अर्धा कोण आणि का?

पेशव्यांकडचे सखारामबापू, निजामाकडचे विठ्ठल सुंदर, नागपूरकर भोसल्यांकडचे देवाजीपंत चोरघडे हे तीन पूर्ण. नाना फडणीस अर्धे, कारण ते लेखणीचे आणि मसलतीचे धनी होते, रणांगणावरचे नव्हते. अर्धा म्हणजे कमी अकलेचा असा अर्थ लावू नये.

११. नारायणरावांच्या खुनात ‘ध चा मा’ झाला हे सिद्ध झाले आहे का?

३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात गारद्यांनी (पगारी पहारेकऱ्यांनी) माधवरावांचे धाकटे भाऊ, पेशवे नारायणराव यांना मारले. रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी करून राघोबादादांना दोषी धरले आणि पद सोडून गेले. ‘धरावे’चे ‘मारावे’ दादांच्या पत्नी आनंदीबाईंनी केले ही कथा परंपरेने चालत आली आहे. ती पुरावा म्हणून वापरू नये. सुमेरसिंग गारद्याशी संधान बांधणाऱ्यांत पुरुष कारभारीही होते, आणि सगळा दोष एका बाईवर ढकलला की त्यांची नावे मागे पडतात.

१२. बारभाई म्हणजे बारा माणसे का?

मोजून बाराच असे नाही. नाना, सखारामबापू, हरिपंत फडके, त्रिंबकराव पेठे, मोरोबा फडणीस अशी अनेक मंडळी दादांविरुद्ध एक झाली, तिचे ते नाव. १८ एप्रिल १७७४ ला पुरंदरावर नारायणरावांचे पुत्र सवाई माधवराव यांचा जन्म झाला आणि चाळिसाव्या दिवशी त्यांना पेशवाईची वस्त्रे मिळाली. इथून पुढे वीसेक वर्षे दरबारात धनी होता, पण निवाडा करणारा कुणी नव्हता. आमच्या मते मराठी राज्याच्या पुढच्या दुखण्याची मुळी इथे आहे. स्पर्धा आधीही होती, ती थांबवणारा आता उरला नव्हता.

१३. मोरोबा फडणीसांनी नानांना कसे हटवले, आणि ते टिकले का नाही?

मोरोबा हे नानांचे चुलतभाऊ. १७७८ मध्ये त्यांनी तुकोजी होळकरांची फौज मिळवली, सखारामबापूंचा कल आपल्याकडे वळवला आणि राघोबादादांना आणण्यासाठी मुंबईकर इंग्रजांशी बोलणे लावले. नाना पुण्याहून पुरंदरावर गेले. त्यांनी लढाई केली नाही, वेळ काढला. बाळ पेशवे पुरंदरावर नानांजवळच होते, म्हणजे ज्याच्या नावाने हुकूम निघायचे तो धनी मोरोबांच्या हाती नव्हताच. महादजी शिंदे आणि हरिपंत येऊन पोचताच होळकर मागे सरले आणि जुलैत मोरोबा कैद होऊन अहमदनगरच्या किल्ल्यात गेले.

बापूंचे पुढे काय झाले हेही विचारले जाते. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला इंग्रजांचा पराभव झाल्यावर बापूंचे दादांशी असलेले संधान उघडे पडले. त्यांना कैद झाली आणि १७८१ मध्ये रायगडावर ते वारले. दोन्ही घरी पाय ठेवून वीस वर्षे तगलेला मुत्सद्दी शेवटी लेखी कागदाने अडकला.

१४. नाना आणि महादजी एकमेकांचे शत्रू होते का?

शत्रू नव्हते, प्रतिस्पर्धी होते. १७७८ मध्ये महादजींनी नानांना सावरले, वडगावला दोघे एकत्र होते. तंटे ठरावीक विषयांवर होते: उत्तरेच्या मोहिमांचा खर्च आणि हिशेब, तिथल्या मुलखात होळकरांचा वाटा, आणि नानांनी उत्तरेत पाठवलेले अलीबहाद्दर. जून १७९२ मध्ये महादजी पुण्याला आले, बादशहाने दिलेली वकील-इ-मुतलकीची (बादशहाच्या सर्वाधिकारी प्रतिनिधीपदाची) वस्त्रे पेशव्यांना द्यायला. बादशाही किताबामुळे साताऱ्याच्या छत्रपतींचा मान कमी होतो, हा नानांचा आक्षेप केवळ अडवणुकीचा नव्हता. अखेर साताऱ्याहून संमती घेऊन समारंभ झाला. मधल्या गाठीभेटींत हरिपंतांनी खूप संभाळून घेतले. १२ फेब्रुवारी १७९४ ला महादजी वानवडीला वारले.

१५. १७९६ चे महाडचे कारस्थान कितीही वाचले तरी गोंधळ होतो. क्रमाने सांगाल का?

गोंधळ होतो कारण त्या वर्षी प्रत्येक जण एकदा तरी बाजू बदलतो. क्रम असा:

१) २७ ऑक्टोबर १७९५ ला सवाई माधवराव निपुत्रिक वारले. राघोबादादांचा मुलगा बाजीराव गादीवर नको म्हणून नानांनी दत्तकाचा बेत केला.

२) बाजीरावाने महादजींचे वारस दौलतराव शिंदे यांचे कारभारी बाळोबातात्या पागनीस यांच्याशी बोलणे लावले.

३) हे कळताच नानांनी बेत फिरवला. परशुरामभाऊ पटवर्धनांना पाठवून बाजीरावाला जुन्नरहून आपणच आणले.

४) डावललेले बाळोबा शिंद्यांची फौज घेऊन पुण्यावर आले. नाना निघून गेले आणि शेवटी महाडला राहिले.

५) बाळोबा आणि परशुरामभाऊ यांनी बाजीरावाचा धाकटा भाऊ चिमाजी याला सवाई माधवरावांच्या विधवा यशोदाबाईंच्या मांडीवर दत्तक देऊन पेशवा केले.

६) नानांनी महाडहून एकेक धागा जोडला: तुकोजी होळकर, नागपूरकर रघूजी भोसले, सखाराम घाटग्यांमार्फत खुद्द दौलतराव, आणि निजाम. निजामाचा दिवाण मुशीर-उल-मुल्क १७९५ च्या खर्ड्याच्या विजयापासून पुण्यात कैदेत होता. तोच आता मध्यस्थ झाला.

७) ऑक्टोबरमध्ये दौलतरावांनी स्वतःच्याच कारभाऱ्याला, बाळोबांना, कैद केले. डिसेंबर १७९६ मध्ये बाजीराव पेशवे झाले आणि नाना कारभारी.

डाव बिनचूक होता, पण खर्ड्याला मिळवलेल्यापैकी बरेच निजामाला परत कबूल करावे लागले. वर्षभराने, ३१ डिसेंबर १७९७ ला, शिंद्यांच्या फिरंगी अंमलदाराने नानांनाच पकडले. १७९८ मध्ये ते सुटले आणि १३ मार्च १८०० ला वारले.

१६. नावे सारखी असल्याने घोळ होतो. कुणाला कुणात मिसळू नये?

नानासाहेब म्हणजे पेशवे बाळाजी बाजीराव, नाना फडणीस म्हणजे बाळाजी जनार्दन भानू. त्रिंबकराव दाभाडे डभोईला पडले (प्र. ६), त्रिंबकराव पेठे बारभाईंतले (प्र. १२). मोरोपंत पिंगळे आणि मोरोबा फडणीस यांत शंभर वर्षांचे अंतर आहे. चिमाजी म्हटले की वसई घेणारे चिमाजीअप्पा आठवतात. १७९६ चा चिमाजी त्यांच्या पुतण्याचा, राघोबादादांचा, मुलगा. शंका आली तर आधी कागदाची तारीख काढा (प्र. ४) आणि मग बापाचे नाव पाहा. तेवढ्याने बहुतेक वेळा माणूस सापडतो.